नावासकट सांगितलेलं मत

जेवणं-भांडी आवरून, लेकरं निजवून तुम्ही आज रेडिओजवळ बसला असाल, तर थोडा वेळ आमच्यासोबत बसा. आज आपल्याच जिल्ह्यातली, शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणार आहोत. वर्तमानपत्र काढणाऱ्या माणसाची.

पण सुरुवात आमच्यापासून करू. रेडिओसाठी आम्ही गावोगाव फिरतो. बाया भरभरून बोलतात. हापशी सहा महिन्यांपासून बंद आहे, रेशनचं धान्य मोजून कमी येतं, दारूच्या दुकानापुढून पोरींना जाता येत नाही. सगळं सांगतात. मग आम्ही यंत्र चालू करतो आणि विचारतो, "ताई, तुमचं नाव?" तिथं सगळ्या गप्प होतात. कोणी पदर तोंडाला लावते, कोणी दुसरीकडे बोट दाखवते. एक आजी तर म्हणाल्या, "माय, गोष्ट घेऊन जा, पण नाव इथंच ठेव." आम्ही तिथं हसलो, पण परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. कारण आमचंही तसंच आहे. अर्ज लिहायला आम्ही पुढे, पण पहिली सही कोण करणार म्हटलं की एकमेकींकडे पाहतो.

म्हणून आजची गोष्ट मत आणि नाव यांची आहे.

आपल्या वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी एक मुलगा जन्मला. माधव श्रीहरी अणे. पुढे सगळे त्यांना बापूजी अणे म्हणू लागले आणि लोकांनीच त्यांना 'लोकनायक' ही पदवी दिली. तेव्हा आपल्या जिल्ह्याला यवतमाळ जिल्हा म्हणत नव्हते. कागदोपत्री तो वूण जिल्हा होता, म्हणजे वणीच्या नावाचा. १९०५ मध्ये तो यवतमाळ जिल्हा झाला. बापूजी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, काही काळ अमरावतीला शिक्षक होते, मग वकील झाले आणि यवतमाळात वकिली करू लागले.

घरचं बरं चाललेलं होतं. अशा वकिलाला वर्तमानपत्राच्या भानगडीत पडायची काय गरज होती? हे समजायला त्या काळाकडे पाहावं लागेल.

आपला वऱ्हाड तेव्हाही कापसाचा. आपल्या शेतातला कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने विलायतेला जाई. ती रेल्वेही इंग्रज कंपनीची. तिकडच्या गिरण्यांत त्याचं कापड होई आणि तेच कापड आपल्या बाजारात विकायला येई. कापूस पिकवणारा आपला, वेचणारी आपली आजी-पणजी, पण भाव ठरवणारे दुसरेच. ही गोष्ट सगळ्यांना दिसत होती. ती कागदावर छापून लोकांपुढे मांडायची म्हटली की मात्र सरकार खवळायचं.

सरकारजवळ त्यासाठी कायदे होते. राजद्रोहाचं कलम १८७० मध्येच आलं होतं. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना आवरायला १८७८ मध्ये वेगळा कायदा केला. तो चार वर्षांनी मागे घेतला, पण १९१० मध्ये त्याहून कडक कायदा आणला. वर्तमानपत्र काढायचं तर सरकारजवळ आधी अनामत रक्कम ठेवायची. सरकारला न आवडणारं काही छापलं, की ती रक्कम जप्त. पुन्हा छापलं, तर छापखानाच जप्त. आपल्या गटातल्या एखादीने दळणाची गिरणी टाकावी आणि कोणी सांगावं, आधी पैसे भर, आमच्या मनासारखं दळलं नाहीस तर पैसेही जातील आणि गिरणीही जाईल! तसंच हे.

आणि केवळ पैशावर भागत नव्हतं. लोकमान्य टिळकांचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. 'केसरी'तल्या लेखांसाठी १८९७ मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये पुन्हा खटला झाला. नऊ ज्युरी होते. त्यातले सात गोरे म्हणाले दोषी, दोन हिंदी म्हणाले निर्दोष. २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळकांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात पाठवलं. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी त्या शिक्षेविरुद्ध सहा दिवस काम बंद ठेवलं. त्याच वर्षी 'काळ' पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे यांनाही शिक्षा झाली. कोणाच्या हातात शस्त्र नव्हतं. हातात लेखणी होती आणि लेखाखाली जबाबदारी घेणारं नाव होतं.

बापूजी अणे टिळकांचे अनुयायी होते. टिळकांना काय भोगावं लागलं हे त्यांना नीट माहीत होतं. तरी १९१८ मध्ये त्यांनी यवतमाळातून वर्तमानपत्र सुरू केलं. त्याचं नाव 'लोकमत'. हे नाव टिळकांनी सुचवलं असं सांगतात.

१९१८ साल कसं होतं, हे तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी आपल्या आईकडून ऐकलं असेल. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, महागाई वाढलेली, पाऊस कमी, आणि त्यात मानमोडीची साथ. आज आपण तिला इन्फ्लुएंझा म्हणतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा तिचा फार मोठा तडाखा बसलेल्या भागांपैकी एक होता. घरंच्या घरं ओस पडली. अशा वर्षात आपल्या लहानशा गावात कोणी खिळे जुळवून, शाई लावून, कागद छापून म्हणत होतं की लोकांनाही मत असतं.

थोडं या शब्दाकडे पाहू. लोकमत म्हणजे लोकांचं मत. आज सोपं वाटतं. पण तेव्हा राज्यकारभारात तुमच्या-आमच्यासारख्या माणसाच्या मताला जागाच नव्हती. गरिबाला मतदान नव्हतं, बाईला तर नव्हतंच. १९११ च्या खानेसुमारीत देशातल्या शंभर बायांमागे जेमतेम एकीला लिहिता-वाचता येत होतं. मग वर्तमानपत्र वाचायचं कोण? पण ज्यांना वाचता येई ते पारावर, चावडीत, ओसरीवर मोठ्याने वाचत. बाकीचे ऐकत. एक अंक घेतला की तो दहा-वीस जणांच्या कानी जाई. मैत्रिणींनो, आज आपला रेडिओ करतो तेच काम तेव्हा मोठ्याने वाचणारा माणूस करत होता. अक्षर न येणाऱ्याचंही मत असतं आणि ऐकून-बोलून ते पक्कं होतं, हे आपण गटाच्या बैठकीत रोजच पाहतो.

आता गोष्ट पुढे नेऊ. १९३० साल आलं. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलून कायदा मोडला. आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठला? अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथं लोकांनी मीठ तयार केलं. पण यवतमाळकडे तेही नव्हतं. आपल्याकडे होतं जंगल. आणि जंगलाचा कायदा काय सांगत होता, तर गवत कापायचं असेल तर परवाना काढा, सरपण आणायचं असेल तर परवाना काढा, जनावर चारायचं असेल तर पैसे भरा. नाकेदाराने धरलं तर विळाही गेला आणि दंडही बसला. हा त्रास बायांना सांगायला नको. सरपणाची मोळी आणि गवताचा भारा डोक्यावर कोणाच्या असतो?

१० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला. परवाना न काढता राखीव जंगलातलं गवत कापायचं, बस एवढंच. पण हा वकील माणूस. कायदा पाठ असणारा. तो उघडपणे, सगळ्यांसमोर, नाव सांगून गवत कापायला गेला. सरकारने अटक केली आणि सहा महिन्यांची शिक्षा दिली. बारा वर्षांपूर्वी जे मत छापलं होतं, त्याच्यासाठी त्यांनी आता तुरुंग पत्करला. पाहता पाहता हा सत्याग्रह वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात दूरवर पसरला.

इथं आम्हाला तुम्हाला चार नावं सांगायची आहेत. नागपूरच्या उत्तरेला सिवनी जिल्हा आहे, तेव्हा तोही आपल्याच प्रांतात होता. तिथं टुरिया गावाजवळ ९ ऑक्टोबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहाच्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला. चार जण मेले. मुड्डोबाई, रेनोबाई, देभोबाई आणि बिरजू. चारांतल्या तीन बाया, गावाकडच्या, जंगलावर जगणाऱ्या. पुढाऱ्यांची नावं आपण शाळेत पाठ केली. या तिघींची नावं कोणी पाठ करून घेतली नाहीत. आज एकदा आपण मोठ्याने म्हणू या. मुड्डोबाई. रेनोबाई. देभोबाई.

इथं थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. थोर माणूस, मोठं काम, हार घातला, झालं. पण आपण इतिहास सांगतोय, आरती नाही. पुढचा भाग सांगितला नाही तर तुमची फसवणूक होईल.

बापूजी स्वतःच्या मताचे होते. १९३३ मध्ये चळवळीच्या धामधुमीत ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पण १९३४ मध्ये मतदारसंघांच्या वाटणीवरून त्यांचं काँग्रेसशी पटलं नाही, तेव्हा पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर त्यांनी वेगळा पक्ष काढला. १९४१ मध्ये तर ते दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. म्हणजे ज्या सरकारने त्यांना गवत कापल्याबद्दल तुरुंगात टाकलं, त्याच सरकारच्या मोठ्या खुर्चीत बसले. आत राहून देशाचं काही भलं करता येईल, असं तेव्हा काही जणांना वाटत होतं. पुष्कळांना ते पटलं नाही.

मग १९४२ चा ऑगस्ट आला. आपल्या वणीच्या पलीकडे, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर आहे. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, तिथं लोक उठले. गोळीबार झाला, माणसं मेली, चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर फौज आणि पोलीस गावात आले. पुरुषांना पकडून नेलं. गावात राहिल्या बाया. त्यांच्यावर काय अत्याचार झाले ते आम्ही इथं पसरून सांगत नाही. तुम्ही बाया आहात, तुम्हाला समजतं.

हे बाहेर कसं कळलं? नागपूरहून काही बाया चिमूरला गेल्या. त्यांनी चिमूरच्या बायांजवळ बसून त्यांचं म्हणणं ऐकलं आणि लिहून घेतलं. त्यांना कोणी पत्रकार म्हटलं नाही, पण पत्रकाराचं काम याहून वेगळं काय असतं? आणि चिमूरच्या ज्या बाया बोलल्या, त्यांच्या हिमतीला काय म्हणावं? आपण हापशीसाठी नाव सांगायला घाबरतो. त्या कशाबद्दल बोलल्या, ते आठवा.

सेवाग्राम आश्रमात प्राध्यापक भन्साळी नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांनी मागणी केली की चिमूरची निष्पक्ष चौकशी करा. ती मागणी घेऊन नोव्हेंबर १९४२ मध्ये ते दिल्लीला कोणाच्या दारात गेले? बापूजी अणे यांच्या. साहजिकच होतं. सरकारात बसलेला हा आपल्या बाजूचा माणूस, वणीचा, चिमूरच्या शेजारचा. तुम्ही स्वतः चिमूरला चला, असं भन्साळींनी सांगितलं. बापूजींनी असमर्थता दाखवली. भन्साळींनी त्यांच्या दारातच उपोषण धरलं. सरकारने त्यांना पकडून परत सेवाग्रामला पाठवलं, तिथून ते चिमूरकडे निघाले, पुन्हा पकडले गेले, आणि उपोषण चालूच राहिलं. तब्बल ६३ दिवस.

सरकारने मग काय केलं? उपोषणाची बातमी छापायलाच बंदी केली. चिमूरच्या बायांचं दुःख आणि त्यांच्यासाठी मरायला टेकलेला माणूस, दोन्ही कागदावर येऊ नये म्हणून. तेव्हा देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी जानेवारी १९४३ मध्ये एक दिवस अंकच काढला नाही. बोलू देत नाही ना, मग आमचं गप्प राहणंच सगळ्यांना दिसू दे. १२ जानेवारीला तडजोड होऊन उपोषण सुटलं. मागितलेली निष्पक्ष चौकशी मात्र झाली नाही.

आम्ही ही गोष्ट तयार करत होतो, तेव्हा आमच्यातच वाद झाला. एक म्हणाली, हे सांगू नका, आपल्या जिल्ह्याचा माणूस आहे. दुसरी म्हणाली, ज्याने लोकांचं मत छापायला पत्र काढलं, त्याच्या दारात बायांचं गाऱ्हाणं अडलं. हे बायांच्या रेडिओवर सांगायचं नाही तर कुठं सांगायचं? शेवटी आम्ही ठरवलं, सांगायचं. आणि त्यानंतरचंही सांगायचं.

त्यानंतर महिन्याभराने, १० फेब्रुवारी १९४३ ला, कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्यांची प्रकृती ढासळत चालली, तरी सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. तेव्हा बापूजींनी व्हाइसरॉयच्या मंडळाचा राजीनामा दिला. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांनीही त्यांच्याबरोबर दिला. खुर्चीवरून उतरणं सोपं नसतं. आपल्या गावच्या सरपंचाला विचारा. पण दोन महिन्यांपूर्वी चिमूरसाठी ते उतरले असते तर? हा प्रश्न आमच्या मनात राहतो. त्याचं उत्तर आम्ही देत नाही, गटात बसून तुम्हीच ठरवा.

पुढचं थोडक्यात सांगतो. सरकारने त्यांना हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पाठवलं. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. म्हातारपणी वेगळ्या विदर्भासाठी उभे राहिले आणि १९६२ मध्ये नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. संस्कृतचे ते मोठे विद्वान. टिळकांचं चरित्र त्यांनी संस्कृत काव्यात लिहिलं, त्याला त्यांच्या मागे १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २६ जानेवारी १९६८ ला, प्रजासत्ताक दिनी, ते गेले. त्यांनी काढलेलं 'लोकमत' मध्यंतरी बंद पडलं होतं. स्वातंत्र्यानंतर बाभूळगावचे स्वातंत्र्यसैनिक जवाहरलाल दर्डा यांनी तेच नाव घेऊन यवतमाळात पुन्हा साप्ताहिक सुरू केलं आणि १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरातून त्याचं दैनिक झालं. आज गावच्या एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर ते नाव तुम्हाला दिसतं. ते नाव आपल्या यवतमाळात जन्मलं, हे आता लेकरांना सांगा.

मग या गोष्टीतून आम्ही काय घेतलं? नाव लावून मत मांडणं ही मोठ्या लोकांची मिरास नाही. बापूजींनी ते छापलं तेव्हा त्यांचा मान वाढला. सत्तेत बसून ते गप्प राहिले तेव्हा त्यांच्याच दारात माणूस उपाशी बसला. थोर माणूसही कधी कमी पडतो. तो कमी पडतो तेव्हा चिमूरच्या बायांसारखं कोणीतरी बोलावं लागतं, नागपूरच्या बायांसारखं कोणीतरी लिहून घ्यावं लागतं. आपण या दोन्हींपैकी एक तरी होऊ शकतो.

आणि एकटीने नाव सांगायची भीती वाटते, ती खरी आहे. आम्ही तिला हसत नाही. भीती वाटून घेतली तर ती कमी होते. त्या आजींच्या गावात आम्ही परत गेलो. या वेळी अर्जावर सह्या गोल केल्या, भाकरीसारख्या. गोलात पहिली कोण आणि शेवटची कोण ते कळत नाही. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठा लावला आणि बाजूला दुसरीने त्यांचं नाव लिहिलं. आजींनी स्वतः विचारलं, "माझं नाव लिहिलं का वो?" लिहिलं, आजी. पूर्ण लिहिलं. हापशी अजून दुरुस्त व्हायची आहे. अर्जाची पोच मात्र आपल्याजवळ आहे, आणि पुढच्या ग्रामसभेत ती घेऊन तेवीस बाया जाणार आहेत.

या आठवड्याच्या बैठकीत दोन गोष्टींवर बोला. तुमच्या गावात अशी कोणती गोष्ट आहे जी सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी नावासकट सांगत नाही? आणि १९३० मध्ये तुमच्या गावातलं कोणी जंगल सत्याग्रहात होतं का, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बाई असेल तर तिचं नाव मुद्दाम विचारा. काही कळलं तर आम्हाला सांगा, आम्ही ते रेडिओवर वाचू.

तुमच्या नावासकट.

येतो मैत्रिणींनो. रामराम.